तोट्यातला लोहमार्ग आणि न वसलेले शहर



बँकेच्या नोकरीत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. देऊळ पाहो, किल्ला पाहो की समुद्र पाहो, याचा खर्च कोण करतो आणि तो भरून कसा निघतो, हा प्रश्न त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडमध्ये लीड्स शहरी गेलो होतो. तेव्हा यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्याचा तीन दिवसांचा प्रवास घडला. लंडनविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. या किनाऱ्याविषयी आपल्या भाषेत माझ्या तरी फारसे वाचनात आलेले नाही. शिवाय तेथे पाहिलेल्या दोन गोष्टींनी माझ्या नोकरीतील एका जुन्या निर्णयाची आठवण करून दिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

पिकरिंगचे स्थानक

लीड्सपासून मोटारीने सुमारे दीड तासावर पिकरिंग नावाचे लहानसे बाजाराचे गाव आहे. वर टेकाडावर नॉर्मन काळातील किल्ल्याचे अवशेष, खाली उतरत जाणारी बाजारपेठ आणि तिच्या पायथ्याशी रेल्वेस्थानक. ‘नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे’ येथून सुटते. स्थानकाची इमारत जी. टी. अँड्र्यूज या वास्तुविशारदाने १८४० च्या दशकात बांधली. तिचे फलाटावरील मोठे छप्पर १९५२ साली काढून टाकण्यात आले होते. सुमारे साठ वर्षांनी ते जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हा चढविण्यात आले. नवे छप्पर जुन्यासारखे दिसावे यासाठी इतका खटाटोप केलेला पाहूनच माझ्यातील बँकवाला जागा झाला.

गाडीला वाफेचे इंजिन होते. ‘ब्लॅक फाइव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील ते इंजिन. या वर्गाची ८४२ इंजिने १९३४ ते १९५१ या काळात बांधली गेली. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये आपल्या मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने कायमची बंद केली. त्यातील काही हौशी लोकांनी वाचविली. इंजिनाच्या धुराचा, तेलाचा आणि ओल्या वाफेचा तो मिश्र वास नाकात शिरला आणि मी क्षणभर बार्शीला पोहोचलो. माझे बालपण बार्शीत गेले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेली ‘बार्शी लाइट’ ही अडीच फुटी रुळांची गाडी आम्हा मुलांचे जग होती. आज तेथे रुंद मार्ग झाला आहे आणि ती सोयीची गोष्ट आहे, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु तो वास पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते.

आमची नऊ वर्षांची नात मात्र वेगळ्याच कारणासाठी उत्सुक होती. वाटेवरचे गोथलंड हे स्थानक २००१ सालच्या पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटात जादूगारांच्या गावाचे स्थानक म्हणून दाखविले आहे. “आजोबा, तिथे उतरायचंच,” हा तिचा हुकूम पिकरिंगलाच सुटला होता.

घोड्यांची रेल्वे

पिकरिंग ते ग्रॉस्मंट हा १८ मैलांचा मार्ग या संस्थेच्या मालकीचा आहे. तेथून पुढे एस्क नदीच्या काठाने काही गाड्या राष्ट्रीय रेल्वेच्या रुळांवरून थेट व्हिटबी बंदरापर्यंत जातात. एकूण अंतर सुमारे २४ मैल. सुरुवातीस शेते, मग न्यूटन डेल ही अरुंद, खोल दरी लागते. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ती कोरली आहे. वर दोन्ही बाजूंस मूर पसरलेला असतो. मूर म्हणजे झाडे नसलेले, हेदरच्या खुरट्या झुडपांनी व्यापलेले उंच माळरान. हेदर फुलायला ऑगस्ट यावा लागतो. जूनमध्ये सारा माळ तपकिरी-हिरवा दिसतो आणि त्यात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या मेंढ्या.

हा लोहमार्ग १८३६ साली पूर्ण झाला. तो सरकारने काढलेला नाही, व्हिटबीच्या व्यापाऱ्यांनी काढला. जहाजबांधणी, तुरटी आणि देवमाशांची शिकार हे बंदराचे जुने धंदे उतरणीला लागले होते आणि मागे पसरलेल्या माळरानामुळे आतल्या मुलुखाशी व्यवहार करणे अवघड झाले होते. त्यांनी जॉर्ज स्टीफन्सनला पाचारण केले. स्टीफन्सनचे नाव वाफेच्या इंजिनाशी जोडलेले. पण येथे त्याने घोड्यांनी ओढावयाच्या डब्यांचा मार्ग आखला. फेन बॉग नावाच्या दलदलीवरून रूळ नेताना त्याने लाकडे आणि मेंढ्यांच्या लोकरीचा थर खाली घातला. गोथलंडजवळची उतरण फारच तीव्र होती. दर १५ फुटांस १ फूट. तेथे घोडे सोडीत आणि डबे दोराने वर ओढीत. त्यासाठी वरच्या टोकाला पाण्याने भरलेली टाकी दोराला बांधून खाली सोडीत. तिच्या वजनाने डबे वर येत. पाण्याच्या वजनावर चालणारा असाच एक पाळणा याच किनाऱ्यावर उत्तरेस सॉल्टबर्न येथे आहे. तो १८८४ चा आहे.

खर्च अंदाजाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे एक लाख पौंडांच्या वर गेला. हे वाचून मला हसू आले. प्रकल्प अहवाल आणि प्रत्यक्ष खर्च यांचे नाते जगभर सारखेच असावे. मात्र अंदाजात नसलेली एक जमाही झाली. मार्ग खोदताना ग्रॉस्मंट येथे लोहखनिज सापडले आणि त्याचा नवा धंदा उभा राहिला. पुढे ही रेल्वे मोठ्या कंपनीने विकत घेतली, १८४७ मध्ये घोडे जाऊन वाफेची इंजिने आली. १८६४ साली उतरणीवरचा दोर तुटून अपघात झाला, त्यात दोन माणसे दगावली. पुढच्याच वर्षी उतरण टाळणारा नवा मार्ग सुरू झाला. तरीही गोथलंड ते ग्रॉस्मंट हा उतार ४९ फुटांस १ फूट इतका आहे. परतीच्या प्रवासात याच चढावर आमचे इंजिन जे धापा टाकीत होते, ते ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “बिचाऱ्याला थांबवा हो, पाणी तरी पिऊ द्या.”

एप्रिलमधील एक आठवडा

गाडीत तिकिटे तपासणारे गृहस्थ सत्तरीचे होते. काळा कोट, पितळी बटणे, हातात तिकिटाला भोक पाडण्याचा चिमटा. पूर्वी शाळेत भूगोल शिकवीत होते, असे त्यांनी सांगितले. आठवड्यातून दोन दिवस येथे येतात. “वेतन काय मिळते?” मी न राहवून विचारले. “चहा मिळतो, आणि तोही बरा असतो,” ते म्हणाले. गाड्या चालविणे, रूळ सांभाळणे, सिग्नल देणे, तिकिटे विकणे, फुलझाडांना पाणी घालणे, या सर्व कामांत पगारी नोकरांच्या बरोबरीने शेकडो स्वयंसेवक राबतात. त्यांनी मग या मार्गाची जन्मकथेइतकीच महत्त्वाची मरणकथा सांगितली.

१९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. रेल्वे प्रचंड तोट्यात होती आणि त्यांना तो तोटा थांबविण्यासाठीच आणले होते. मार्गांच्या एकूण लांबीपैकी एकतृतीयांश मार्गांवर प्रवासी वाहतुकीचा अवघा एक टक्का होतो, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले आणि दोन हजारांहून अधिक स्थानके व सुमारे पाच हजार मैलांची प्रवासी वाहतूक बंद करण्याची शिफारस केली. व्हिटबीला येणारे सर्वच मार्ग यादीत होते. एस्क खोऱ्यातील एक मार्ग वाचला. पिकरिंगकडचा हा मार्ग आणि स्कार्बरोकडचा किनाऱ्यालगतचा मार्ग मार्च १९६५ मध्ये बंद झाले.

मी त्या आकड्यांची बाजू समजू शकतो. तोटा खरा होता आणि तो कोणाच्या तरी खिशातून जात होता. परंतु त्या भूगोल-शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात रुतून बसली. अहवालासाठी प्रवाशांची पाहणी केली गेली ती एप्रिल १९६१ मधील एका आठवड्यात. समुद्रकाठच्या गावांत गर्दी होते जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये या किनाऱ्यावर बोचरे वारे असतात. टीकाकारांचे म्हणणे तेव्हाही असे होते आणि आजही आहे की, त्या एका आठवड्यात समुद्रकाठच्या मार्गांची खरी उलाढाल दिसणे शक्य नव्हते.

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकात मी विभागीय कार्यालयात होतो. एका आडगावच्या शाखेचा व्यवहार्यता अहवाल माझ्याकडे आला. शाखा सलग पाच वर्षे तोट्यात होती. मी दोन दिवस गावात राहिलो, खातेवह्या तपासल्या, काउंटरवर येणारी माणसे मोजली. सोमवार आणि मंगळवार. दोन दिवसांत मोजकेच ग्राहक आले. शाखा चौदा किलोमीटरवरील शाखेत विलीन करावी, अशी शिफारस मी केली आणि ती मान्य झाली. अहवालाची प्रशंसाही झाली. पुढे वर्षभराने तालुक्याच्या ठिकाणी त्या गावचे एक आडत दुकानदार भेटले. त्यांनी मला चहा पाजला, घरची चौकशी केली आणि निघताना शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमचे आकडे बरोबर होते. पण आमचा बाजार शुक्रवारचा. तुम्ही शुक्रवारी आला नाहीत.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणे अधिक लागले. शुक्रवारी शाखेत गेलो असतो तर ती नफ्यात निघाली असती, असे मला आजही वाटत नाही. पण अहवाल निराळा झाला असता. बहुधा मी शाखा बंद करण्याऐवजी बाजाराच्या दिवसापुरती चालू ठेवण्याचा पर्याय सुचविला असता. तो पर्याय मला सुचलाच नाही, कारण ते गाव जिवंत असते तो दिवस मी पाहिलाच नव्हता.

पिकरिंगच्या मार्गाचे पुढे काय झाले, ते आपण पाहतच आहोत. १९६७ साली काही स्थानिक लोकांनी हा मार्ग वाचविण्यासाठी संस्था काढली. वर्गणी जमविली, रुळांवरची झुडपे स्वतः तोडली, भंगारात निघालेली इंजिने आणली. १ मे १९७३ रोजी डचेस ऑफ केंट यांच्या हस्ते मार्ग पुन्हा सुरू झाला आणि २००७ पासून गाड्या नियमितपणे व्हिटबीपर्यंत जाऊ लागल्या. आज ती धर्मादाय संस्था आहे. तिकिटे, उपाहारगृहे, देणग्या आणि मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमा यांवर ती चालते. अडचणी कमी नाहीत. ब्रिटनमधील खाणी बंद होत गेल्यामुळे इंजिनांसाठी कोळसा परदेशातून आणावा लागतो आणि तो महाग पडतो. उन्हाळा कोरडा गेला तर ठिणगीने माळ पेटू नये म्हणून वाफेचे इंजिन ठेवून डिझेलचे जोडावे लागते. काटेकोर जमाखर्च मांडला आणि स्वयंसेवकांच्या श्रमाचे मोल त्यात धरले, तर हा मार्ग आजही बीचिंग साहेबांच्या कसोटीस उतरणार नाही.

पण आपल्याकडे पांजरपोळ किंवा धर्मशाळा तोट्यात चालते असे कोणी म्हणतो काय? तिला वर्षाला इतकी देणगी लागते, एवढेच आपण म्हणतो आणि चातुर्मासात तेवढी उभी करतो. फरक शब्दाचा नाही, मालकीच्या भावनेचा आहे. ज्याला आपण आपले मानतो, त्याच्या खर्चाला आपण तोटा म्हणत नाही.

व्हिटबी

व्हिटबी हे एस्क नदीच्या मुखाशी दोन कड्यांत वसलेले बंदर आहे. पूर्वेच्या कड्यावर मठाचे भव्य अवशेष उभे आहेत. खालच्या अरुंद गल्लीतून १९९ पायऱ्या चढून तेथे जावे लागते. पायऱ्या मोजीत चढण्याची प्रथा आहे. आमच्या नातीच्या मोजणीत त्या २०१ भरल्या, माझ्या मोजणीत १९६. लेखापरीक्षण पुन्हा करण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

हा मठ इ. स. ६५७ मध्ये नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्विऊ याने स्थापन केला आणि हिल्डा नावाच्या साध्वीकडे त्याचा कारभार सोपविला. तेथे स्त्रिया आणि पुरुष दोघेही राहत आणि सर्वांवर अधिकार एका स्त्रीचा. गुराखी म्हणून राबणारा कॅडमन, जो नावाने ज्ञात असलेला इंग्रजीतील पहिला कवी मानला जातो, तो याच मठातला. ६६४ साली येथे एक ऐतिहासिक सभा भरली. ईस्टरचा सण कोणत्या दिवशी पाळावा, यावर रोमन परंपरा आणि आयरिश परंपरा यांच्यात मतभेद होता. राजाच्या घरात तर राजाचा ईस्टर एका दिवशी आणि राणीचा दुसऱ्या दिवशी, अशी स्थिती होती. राजाने रोमच्या बाजूने निर्णय दिला. चौथ की पंचमी हा संवत्सरीचा प्रश्न ज्यांनी आपल्या घरात ऐकला आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटू नये.

पुढे डेन लोकांच्या स्वाऱ्यांत मठ उद्ध्वस्त झाला, अकराव्या शतकात पुन्हा उभा राहिला आणि १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत बंद करण्यात आला. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या किनाऱ्यावर तोफा डागल्या, तेव्हा या अवशेषांनाही गोळे लागले. छप्पर नसलेल्या त्या उंच कमानींतून समुद्र दिसतो. आम्ही तेथे बराच वेळ काही न बोलता बसलो.

खाली नदीकाठच्या ग्रेप लेनमध्ये १६८८ हे वर्ष कोरलेले एक घर आहे. ते जॉन वॉकर या जहाजमालकाचे. वॉकर क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, शपथ न घेणे, शस्त्र न धरणे आणि व्यवहारात बोललेला भाव न बदलणे ही या पंथाची ओळख. १७४६ साली त्यांच्याकडे एका शेतमजुराचा अठरा वर्षांचा मुलगा उमेदवारीस आला आणि घराच्या माळ्यावर इतर उमेदवारांसोबत राहू लागला. त्याचे नाव जेम्स कुक. टाइन नदीकडून लंडनला कोळसा नेणाऱ्या गलबतांवर तो काम शिकला. पुढे १७६८ मध्ये जगप्रदक्षिणेस निघताना त्याने नेलेले ‘एंडेव्हर’ हे जहाज म्हणजे व्हिटबीत बांधलेले कोळशाचे गलबतच होते. रुंद पोट आणि सपाट तळ असल्याने ते पुष्कळ माल घेई आणि ओहोटीत किनाऱ्यावर टेकवता येई. पुढच्या सफरींतील ‘रेझोल्यूशन’, ‘ॲडव्हेंचर’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही जहाजेही व्हिटबीचीच. पेढीवर उमेदवारी करून धंदा शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची आठवण त्या माळ्यावर येणे स्वाभाविक होते. कुकच्या सफरींनी ज्या ज्या बेटांवर पाऊल ठेवले तेथील लोकांचे पुढे काय झाले, हा मात्र वेगळा आणि दुःखद हिशेब आहे.

पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याच्या दोन हाडांची कमान उभी आहे. १७५३ पासून पुढे सुमारे ऐंशी वर्षे येथील जहाजे उत्तर ध्रुवाकडे जाऊन देवमासे मारीत आणि त्यांच्या चरबीचे तेल काढीत; अडीच हजारांहून अधिक देवमासे मारल्याची नोंद आहे. लोक कमानीखाली उभे राहून छायाचित्रे काढतात, कारण तिच्यातून समोरचा मठ सुंदर दिसतो. आमच्या सौभाग्यवती बाजूने वळसा घालून गेल्या. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. नातीने आजीकडे पाहिले आणि तीही त्यांच्यामागून गेली.

न वसलेले शहर

दुसऱ्या दिवशी जावईबापू आम्हाला मोटारीने दक्षिणेस रेव्हन्सकार येथे घेऊन गेले. येथील कड्याच्या माथ्यापासून समुद्र सुमारे सहाशे फूट खाली आहे. जवळच दोनशे वर्षे चाललेल्या तुरटीच्या कारखान्याचे अवशेष आहेत. कापडाचा रंग पक्का करण्यासाठी तुरटी लागे आणि ती काढण्याच्या कृतीत मानवी मूत्र लागे. ते पिंपांत भरून जहाजाने लांबून आणले जाई. कोणत्या वस्तूला बाजार मिळेल हे खरोखर सांगता येत नाही.

परंतु रेव्हन्सकारची खरी कथा जमिनीची आहे. १८९० च्या दशकात एका कंपनीने येथे स्कार्बरोच्या तोडीचे विहारस्थळ वसविण्याचे ठरविले. गावाचे ‘पीक’ हे जुने नाव बदलून रेव्हन्सकार हे भारदस्त नाव दिले. सुमारे दीड हजार भूखंड आखले. रस्ते केले, गटारे घातली, पाण्याची सोय केली. रेल्वेचे स्थानक तर १८८५ पासून होतेच. भूखंडांचे लिलाव पुकारले गेले आणि ग्राहकांना रेल्वेने आणले गेले. नकाशावर सर्व काही होते. पण कडा उंच, वारा सोसाट्याचा, खाली वाळूऐवजी खडक आणि तेथवर उतरण्याची वाट बिकट. घरे बांधायला कोणी आले नाही. १९१३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. आज गवतातून चालताना जुन्या रस्त्यांच्या कडांचे दगड पायाला लागतात. एखादे एकाकी घर भर माळावर असे उभे दिसते, जणू शेजारी येण्याची वाट पाहत आहे. स्कार्बरो-व्हिटबी मार्ग १९६५ मध्ये बंद झाल्यावर रूळ निघाले. आता त्यावर पायवाट झाली आहे आणि स्थानकाचा फलाट तेवढा उरला आहे.

त्या फलाटाच्या कडेवर बसून आम्ही खाखरा आणि मेथीचे ठेपले खाल्ले. मनात तुलना चालू होती. रेव्हन्सकारपाशी भांडवल होते, आराखडा होता, रेल्वे होती, माणसे नव्हती. पिकरिंगच्या मार्गापाशी भांडवल नव्हते, तज्ज्ञांचा अहवाल विरुद्ध होता; माणसे होती. कर्ज मंजूर करताना आम्ही तारण पाहतो, परतफेडीची ऐपत पाहतो आणि माणसाची पत पाहतो. पहिल्या दोन गोष्टी कागदावर येतात. तिसरी प्रत्यक्ष जाऊन, योग्य दिवशी जाऊन पाहावी लागते. हे मला परीक्षेसाठी पाठ होते. पण ते उमगायला मात्र सहाशे फुटांच्या कड्यावर यावे लागले.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

वाफेच्या गाड्या मुख्यतः वसंत ऋतूपासून शरदापर्यंत धावतात. व्हिटबीपर्यंतच्या जागा आधी राखून ठेवाव्यात. पिकरिंगला मुक्काम केल्यास गाडी आणि किनारा दोन्ही निवांत पाहता येतात. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण एक सावधगिरी आवश्यक आहे. या भागातील अनेक दुकानांत बटाट्याच्या चकत्या गोमांसाच्या चरबीत तळतात. ज्यांना बटाटा चालतो त्यांनीही कशात तळले आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये. विचारले की दुकानदार सरळ सांगतात, आमचा तरी असाच अनुभव. चौविहार पाळणाऱ्यांची मात्र चैन आहे. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे जेवण कितीही रेंगाळले तरी नियम मोडत नाही. थंडी मात्र जूनमध्येही असते. स्वेटर विसरू नये.

आपल्या कुटुंबांतून आज अनेक जुन्या पेढ्या आणि दुकाने बंद करण्याचा प्रश्न निघतो. मुले शिकून बाहेर गेलेली असतात, जागेचा भाव वाढलेला असतो आणि हिशेबनीस सांगतो की भाड्याने दिले तर अधिक मिळेल. तो खरेच सांगतो. सर्वच काही राखता येत नाही आणि राखू नये. पण निर्णयापूर्वी एकदा त्या दुकानात गर्दीच्या दिवशी जाऊन बसावे, इतकेच माझे सांगणे आहे.

परत आल्यावर दिवाळीनंतर मी त्या आडगावी गेलो. शुक्रवार होता. ते आडत दुकानदार आता नाहीत. त्यांचा मुलगा गादीवर बसतो. त्याने मला ओळखले नाही. वडिलांचे नाव घेतल्यावर चहा मागविला. बँकेच्या जुन्या जागेत आता खतांचे दुकान आहे. समोर बाजार भरला होता, मिरचीच्या राशी होत्या, भाव ठरत होते आणि उभे राहायला जागा नव्हती. मी दुपारपर्यंत तेथेच बसून राहिलो.